गोल काकाने बघितला, पेनल्टी मी

आमच्या ग्वाल्हेरात 24 फेब्रुवारी 2010 ला मी स्टेडियममधे होतो असं सांगणारी माणसं मला आजवर इतकी भेटलीत की सगळ्यांना एकत्र बसवायचं तर अख्खा किल्ला लागेल. सचिनच्या दोनशे. साऊथ आफ्रिकेविरुद्ध, वनडेमधे जगात पहिल्यांदा कुणा पुरुषाने मारलेल्या, आणि त्याही आमच्या रूपसिंग स्टेडियमवर, मग गाव अभिमानाने सांगणारच ना. मी नव्हते त्या दिवशी, कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. पण त्याच्या जवळजवळ सहा महिने आधी मी दुसऱ्या एका स्टेडियममधे होते आणि त्या रात्रीबद्दल मला आजपर्यंत कुणीही आपणहून विचारलेलं नाही, म्हणून मीच लिहिते.

31 ऑगस्ट 2009, सोमवार. दिल्ली, आंबेडकर स्टेडियम. फुटबॉलच्या नेहरू कपची फायनल, भारत विरुद्ध सीरिया.

फुटबॉल आमच्या घरात काकामुळे आला. ग्वाल्हेर तसं हॉकीचं गाव. ज्या रूपसिंगांचं नाव स्टेडियमला आहे ते ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, 1932 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमधे अमेरिकेला 24-1 असं धुतलं त्यातले 10 गोल त्यांचे एकट्याचे, आणि ते स्टेडियमसुद्धा मुळात हॉकीचंच. त्यामुळे काकाच्या लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली पोरं हातात काठी घेऊनच मोठी व्हायची. काका मात्र फुटबॉलमधला लेफ्ट आउट, डाव्या कडेने धावणारा. लक्ष्मीबाई फिजिकल कॉलेज 1957 चं आणि काकाही 1957 चा, तो म्हणतो आम्ही जुळे. त्या कॉलेजच्या मैदानाच्या कडेला उभं राहून मोठ्या पोरांचे बाहेर गेलेले बॉल परत मारता मारता तो शिकला, लेस असलेला चामड्याचा बॉल, पावसात भिजला की दगड व्हायचा म्हणे आणि डोक्याला लागला तर लेसचा ठसा कपाळावर उमटायचा. पुढे एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या ऑफिसात लागला, ऑफिसच्या टीममधून खेळला, एकदा ट्रेनिंगसाठी दिल्लीला गेला असताना ड्युरँड कपच्या मॅचेस बघून आला आणि त्या मॅचेस मी लहानपणी गोष्टीसारख्या ऐकल्यात. बाकीच्या मुलांना रामायण, मला जेसीटी फगवाडा आणि बीएसएफ या टीम्स.

2007 ला नेहरू कप दिल्लीत झाला, फायनलला हीच सीरिया, एन. पी. प्रदीपने गोल मारला आणि आपण 1-0 जिंकलो. ती मॅच आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितली. तो कप आपण पहिल्यांदाच जिंकत होतो, 1982 पासूनची ती स्पर्धा, आणि काका टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होता, तीन खोल्यांच्या घरात एकटा माणूस टाळ्या वाजवतोय हे दृश्य मला अजून दिसतं. मग बसला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तिथं जाऊन वाजवू."

पुढची वेळ दोन वर्षांनी आली आणि नेमकी गणपतीत आली. आमच्याकडे गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. 23 ऑगस्टला घरी गणपती बसला, त्याच दिवशी आपल्या कॅप्टनची, बायचुंग भुतियाची शंभरावी इंटरनॅशनल मॅच होती किर्गिझस्तानशी, आपण 2-1 जिंकलो आणि त्यात बायचुंगचा पण गोल. त्याआधी लेबनॉनने पहिल्याच मॅचला 1-0 हरवलं होतं, मग श्रीलंकेला 3-1 हरवलं, मग लीगमधे सीरियाकडून परत 1-0 हार. म्हणजे फायनलला समोर तीच टीम जी नुकतीच हरवून गेलेली. आपण तेव्हा फिफाच्या यादीत दीडशेच्या आसपास होतो, सीरिया बरीच वर. काकाला याने काहीच फरक पडला नाही. दिल्लीतल्या जुन्या ऑफिसच्या मित्राला फोन केला, दोन तिकिटं काढून ठेवायला सांगितली आणि संध्याकाळच्या आरतीनंतर आजीला म्हणाला, "हिला घेऊन जातोय."

मी एकोणीस वर्षांची. गणपती घरात असताना, पोरीला घेऊन, दिल्लीला, फुटबॉल बघायला! आई काही बोलली नाही पण भांडी जोरात लावत होती. आजीने एवढंच विचारलं की रात्री परत येणार की सकाळी. सकाळच्या आरतीला हजर राहू असं काकाने सांगितलं तशी ती उठून दशम्या करायला लागली. बरोबर बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, आणि खिरापतीची एक पुडी, वर्तमानपत्रात बांधलेली. "तिथे खेळणाऱ्यांना मिळाली तर द्या," असं म्हणाली होती. आजीच्या डोक्यात मॅच म्हणजे फिजिकल कॉलेजचं मैदान, संपली की पोरं कडेला येऊन पाणी पितात.

सकाळी ग्वाल्हेरहून दक्षिणेकडून येणारी एक गाडी पकडली. तीनशेच्या थोडं वर किलोमीटर, मुरैना, धौलपूर, आग्रा, मथुरा, खिडकीतून सगळं हिरवंगार. दशम्या आग्र्याच्या आधीच संपल्या. स्टेशनवर क्लोकरूममधे बॅग टाकली, पुडी तेवढी काकाच्या शर्टाच्या खिशात.

आंबेडकर स्टेडियम दिल्ली गेटपाशी आहे, फिरोजशाह कोटलाच्या अगदी शेजारी, आणि दोन्ही बघितलं की लक्षात येतं कुठल्या खेळाला काय मिळालंय. वीसेक हजार माणसं मावतात. सिमेंटच्या पायऱ्या, दिवसभराच्या उन्हाने इतक्या तापलेल्या की बसल्यावर ती ऊब ओढणीतून अंगात शिरत होती. माणसं मात्र बसायला आलीच नव्हती. मणिपूरची पोरं, मिझोरमची पोरं, दिल्लीत शिकणारी, चेहऱ्यावर तिरंगा, एक मोठा ग्रुप बंगाल्यांचा, केरळची मंडळी, आणि जुन्या दिल्लीची पोरं, दर्यागंजची, जामा मशिदीच्या गल्ल्यांमधली, ज्यांच्यासाठी हे घरचंच मैदान. ढोल, पिपाण्या, थाळ्या. एवढ्या सगळ्यांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच असू बहुतेक. मला पहिल्यांदा कळलं की आपल्या देशात फुटबॉल बघणारी इतकी माणसं आहेत, मी आपली समजत होते मी आणि काका.

रमजान चालू होता. अंधार पडायला लागला, कुठूनतरी मगरिबची अजान आली आणि आमच्या रांगेतल्या चार-पाच पोरांनी खिशातून खजूर काढले. माझ्या शेजारचा, माझ्याच वयाचा असेल, त्याने आधी आमच्यापुढे हात केला. "लीजिए अंकल." दिवसभर पाणी न प्यायलेला मुलगा पहिला खजूर आम्हाला देतोय. काकाने घेतला, मला अर्धा दिला आणि मग खिशातून पुडी काढली. "गणपतीचं प्रसाद है, ले लो बेटा." त्या मुलाने चिमूटभर तोंडात टाकली, चावली, आणि एकदम म्हणाला, "अरे इसमें तो छुहारा है!" आजी खिरापतीत खारीक कुटून घालायची. खजूर वाळला की खारीक. ती पुडी मग रांगेत फिरत फिरत कुठे गेली ती परत आलीच नाही.

मॅचबद्दल खरं सांगायचं तर नव्वद मिनिटं तशी गेली. 0-0. आपला कोच बॉब हाउटन, त्याची टीम मागे घट्ट बसायची आणि लांब पास टाकायची, बघायला फार सुंदर नव्हतं ते, पण स्टेडियममधे बसलं की सुंदर-बिंदर कुणी बघत नाही, आपल्या बॉक्समधून बॉल बाहेर गेला की जीव भांड्यात पडायचा एवढंच. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे जातो म्हणून आपल्याला वाटतं मॅच म्हणजे बॉल. तिथे बघितलं तर बॉल एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला आपला गोलकीपर सुब्रत पाल एकटा, गोलसमोर इकडून तिकडे फेऱ्या मारतोय, हातमोज्यांवर थुंकतोय, पोस्टला हात लावून येतोय, जणू घर नीट बंद केलंय ना हे पुन्हा पुन्हा बघणारा माणूस. मी कितीतरी वेळ नुसती त्याच्याकडे बघत होते. काका म्हणाला, "काय बघतेस, बॉल तिकडे आहे." मी म्हटलं, "काका, तू बॉल बघ."

एक्स्ट्रा टाइम. पाय ओढत धावत होते दोन्हीकडचे. आणि मग 114 व्या मिनिटाला आपल्याला फ्री-किक मिळाली, रेनेडी सिंग बॉल ठेवत होता, तो रेनेडी ज्याच्या फ्री-किकसाठी मणिपूरची पोरं संध्याकाळपासून ओरडत होती, आणि मी पंजावर उभी राहून, मान ताणून बघतेय, त्याने दोन पावलं मागे घेतली, आणि माझ्या पुढचे सगळेच्या सगळे उभे राहिले.

मी गोल बघितला नाही.

मला दिसल्या पाठी. घामाने भिजलेला एक निळा टीशर्ट, त्यावर स्केचपेनने लिहिलेलं बायचुंगचं नाव ओघळलेलं, अगदी डोळ्यांसमोर. मग आवाज. आवाज म्हणजे कानाला येतो तसा नाही, पायऱ्यांमधून तळव्यांत येतो तसा. त्या खजूरवाल्या मुलाने काकाला कडेवर घेतल्यासारखं उचललं, बावन्न वर्षांच्या एजी ऑफिसच्या माणसाला, आणि काका वरून मला ओरडून सांगत होता, "गेला, गेला, वरून वळला, असा!" आणि हाताने कमान काढत होता. ती हाताची कमान हाच माझा गोल. पुढे कितीतरी वर्षांनी मोबाईलवर त्या गोलची एक धूसर क्लिप कुणीतरी पाठवली तर मला तो गोल ओळखीचाच वाटेना, काकाच्या हाताची कमान जास्त उंच होती.

सहा मिनिटं राहिली होती. सहा मिनिटं म्हणजे काय हे ज्याने असं उभं राहून मोजलंय त्यालाच कळेल. सगळं स्टेडियम शिट्टी वाजवत होतं, रेफ्रीने पण वाजवावी म्हणून. लोक एकमेकांचे हात धरून उभे. आणि अगदी शेवटी, आता वाजणार, आता वाजणार असं होत असताना, सीरियाने बरोबरी केली.

हा गोल मला दिसला, पूर्ण दिसला, कारण पुढचे सगळे तेव्हा खाली बसायला लागले होते. जाळी हलली. आणि स्टेडियम गप्प झालं. मी आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्यात, घरात माणूस गेल्यानंतरची पण ऐकलीय, पण हजारो माणसांची एकदम गप्प होण्याची जी जात आहे ती वेगळीच. लांब कुठेतरी रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला तो स्पष्ट ऐकू आला. मैदानाच्या त्या टोकाला वीसेक माणसं, सगळी सीरियाची, उड्या मारत एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि त्यांचं ओरडणं आम्हाला शब्दांसकट ऐकू येत होतं. अरबी कळत नाही, पण कळत होतं.

पेनल्टी. आणि काका उठला आणि वळून मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं पाणी वगैरे हवंय. म्हणाला, "माझ्याच्याने नाही बघवत. तू सांग." तीनशे किलोमीटर आलेला माणूस, दोन वर्षं या दिवसाची वाट बघितलेला, आणि आता त्याचं तोंड प्रेक्षकांकडे. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला लागले. आपला बॉल. ठेवला. मारला. गेला. आता त्यांचा. सुब्रत हात पसरून उभाय. मारला. अडवला! काका डोळे मिटून फक्त मान हलवत होता. एका क्षणी आपल्या एकाने घालवली तर मला सांगायला तोंड उघडेना, तर काका म्हणाला, "समजलं, सांगू नकोस." त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळत होतं, मी सांगायच्या आधीच. पाच-पाच झाल्या तरी निकाल नाही, सडन डेथ, म्हणजे आता एकेक पेनल्टी, जो मागे पडेल तो हरला. सुब्रत पालने त्या रात्री तीन अडवल्या. तिन्ही माझ्या आहेत, मी बघितल्यात, तो झेपावताना त्याचं शरीर हवेत कसं लांब होतं ते मी आजही डोळे मिटून बघू शकते. 5-4. आपण जिंकलो.

काका वळला तेव्हा मैदानावर सगळे सुब्रतच्या दिशेने धावत होते. काका मात्र दुसरीकडेच बघायला लागला. सीरियाचा एक खेळाडू गवतावर पालथा पडला होता, हाताच्या घडीत तोंड खुपसून, आणि त्यांच्यातला दुसरा त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता शेजारी बसला होता, उठ पण म्हणत नव्हता. काका बराच वेळ तिकडे बघत होता. लेफ्ट आउट खेळताना त्याने कधीतरी फायनलला पेनल्टी घालवली होती का ते मी त्याला कधी विचारलं नाही.

बाहेर पडलो, दर्यागंजातून चालत निघालो. रमजानची रात्र, दुकानं सताड उघडी, कढया चढलेल्या, आणि मधूनच तिरंगा गुंडाळलेली पोरं ओरडत जात होती. काकाने मला शाही टुकडा खाऊ घातला आणि गणपतीत बाहेरचं खाल्लंय ते आजीला सांगू नको म्हणाला. परतीच्या गाडीत जनरलचा डबा, दाराशी वर्तमानपत्र टाकून बसलो. आग्र्यापर्यंत आम्ही मॅच एकमेकांना सांगत होतो. तो मला गोल सांगायचा, मी त्याला पेनल्टी. त्याच्याकडे जे होतं ते माझ्याकडे नव्हतं आणि माझ्याकडचं त्याच्याकडे नव्हतं, मग परत पहिल्यापासून. उजाडता उजाडता किल्ला दिसायला लागला. घरी पोचलो तर आजी दूर्वा निवडत होती. आरतीला उभे राहिलो आणि काकाच्या गळ्यातून आवाजच येईना, बसला होता पार, नुसते ओठ हलत होते आणि टाळ्या मात्र जोरात. आजीने विचारलं, "प्रसाद दिलास ना रे खेळणाऱ्यांना?" काकाने मान हलवली. हो.

मग दिवस गेले. मार्च 2011 पासून सीरियात जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनीच बातम्यांत बघितलं. मी बघायचे तेव्हा मला तो पालथा पडलेला आठवायचा. होम्स शहराचं नाव बातमीत आलं की काका म्हणायचा, अल-करामाचं गाव हे, 2006 ला आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गेलेली टीम. टीव्हीवर तेव्हा त्या गावातल्या इमारती दिसायच्या, भिंती नसलेल्या, जिने नुसते हवेत लटकलेले. त्यांच्या टीमला स्वतःच्या देशात खेळता येईना, घरच्या मॅचेस मलेशियात खेळायचे, आणि तसल्या परिस्थितीत 2017 मधे वर्ल्ड कपच्या प्लेऑफपर्यंत पोचले, सिडनीला ऑस्ट्रेलियाशी एक्स्ट्रा टाइममधे हरले, शेवटच्या मिनिटांत ओमर अल सोमाची फ्री-किक पोस्टला लागली. ती मॅच काकाने बघितली होती. मला फोन करून एवढंच म्हणाला, "पोस्टला लागली गं." नाव सांगायची गरज नव्हती.

23 जानेवारी 2024. एशियन कप, कतार. भारत विरुद्ध सीरिया. मी तेव्हा ग्वाल्हेरलाच होते. आजी नाही आता. काकाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खुर्चीत पाय लांब करून बसतो, शेजारी स्टुलावर मुरैन्याच्या गजकचा डबा. 2009 च्या टीममधला आता एकटा छेत्री उरलेला, कॅप्टन. आपण आधीच्या दोन्ही मॅचेस हरलो होतो. 76 व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने गोल मारला, 1-0, आणि तसंच संपलं. एशियन कपमधे सीरिया पहिल्यांदाच पहिल्या फेरीच्या पुढे गेली. त्यांची माणसं मैदानावर एकमेकांना मिठ्या मारून रडत होती. मोठमोठी माणसं, हमसून.

मला वाईट वाटत होतं. तीन मॅचेस आणि आपला एकही गोल नाही. मी रिमोट घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," काका म्हणाला. "रडू दे त्यांना."

तिन्हीसांज झाली होती, काकू आत देवापाशी दिवा लावत होती. काकाने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि आवाज वाढवला, इतका की त्यांचं अरबी ओरडणं सगळ्या घरात भरून राहिलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या रात्रीची तिसरी सांग. सुब्रत कुठल्या बाजूला गेला होता?"

मी खुर्चीतून उठले आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून त्याला दाखवलं.